नाथांची कावड आणि हिंगलाजची घागर

संत एकनाथांची ती आख्यायिका आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? काशीची गंगा कावडीत भरून नाथ रामेश्वराकडे निघाले होते. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत पडलेले त्यांना दिसले. बरोबरचे लोक हळहळले आणि पुढे चालू लागले. नाथांनी मात्र कावड खाली ठेवली आणि देवाच्या अभिषेकासाठी आणलेले पाणी त्या मुक्या जीवाच्या मुखात ओतले. मराठी घरांतील मुले ही कथा ऐकतच मोठी होतात, आणि दया म्हणजे काय, ह्याचे पहिले उत्तर त्यांना बहुधा ह्याच कथेतून मिळते.

ह्या कथेच्या शेजारी आज मला एक दुसरी गोष्ट ठेवावयाची आहे. ती वरवर पाहता हिच्या अगदी उलट आहे, आणि तिचाही संबंध आपल्याच गावातील माणसांशी आहे.

आपल्या हुबळी-धारवाडात भावसार क्षत्रिय समाजाची कितीतरी घरे आहेत. रंगारीकाम आणि शिवणकाम हे ह्या समाजाचे परंपरागत व्यवसाय, आणि हिंगुलांबिका अर्थात हिंगलाज माता ही त्याची कुलदेवता. आपल्यापासून फार दूर नसलेल्या गडहिंग्लजच्या नावातही हिंग्लज हा शब्द आपण रोज उच्चारतो. ह्या देवीचे मूळ स्थान मात्र येथून फार लांब, आज पाकिस्तानात असलेल्या बलुचिस्तान प्रांतात, लासबेला जिल्ह्यात, हिंगोळ नदीच्या खोऱ्यातील एका डोंगरगुहेत आहे. तेथे घडवलेली मूर्ती नाही; शेंदूर माखलेली एक शिळा हीच देवी. शक्तिपीठांत ह्या स्थानाची गणना होते, आणि भोवतालचे मुसलमान रहिवासीही त्याला ‘नानी’चे स्थान म्हणून मान देतात.

कराचीहून हे ठिकाण सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. आज मकरान किनाऱ्याने गेलेल्या महामार्गावरून मोटार काही तासांतच तेथे पोहोचते. हा रस्ता एकविसाव्या शतकाच्या आरंभी झाला. त्यापूर्वी शतकानुशतके यात्रेकरू कराची सोडून, हब नदी ओलांडून, वाळू, खारवट जमीन आणि उघडे डोंगर तुडवीत पायी किंवा उंटावरून जात. वाटेत ‘चंद्रगूप’ नावाचा चिखल ओकणारा डोंगर लागतो. तेथे नारळ वाहावयाचा, आपल्या पापांचा उच्चार करावयाचा, आणि मग पुढची वाट धरावयाची. रोज वीस किलोमीटर चालले तरी बारा-तेरा दिवस लागणार, आणि तितकेच परतताना.

ह्या यात्रेचा एक पुढारी असे. त्याला ‘छडीदार’ म्हणत. ठरावीक झाडाची काठी, तिला रंगीत वस्त्रे बांधलेली, अशी छडी घेऊन तो पुढे चाले. प्रस्थानाच्या वेळी तो यात्रेकरूंकडून शपथ घेई. वाटेत श्रद्धेने वागू, एकमेकांना साह्य करू, आणि सर्व मिळून देवीपर्यंत पोहोचू, अशी ती शपथ. परंतु तिच्याच जोडीला एक विलक्षण नियम तो सांगे : आपल्या घागरीतील पाणी दुसऱ्याला द्यावयाचे नाही!

हे वाचून कोणीही दचकेल. देवीच्या दर्शनाला निघालेली माणसे, तोंडी साह्याची शपथ, आणि तहानलेल्या सोबत्याला पाणी मात्र द्यावयाचे नाही? नाथांनी गाढवाला पाजले. येथे माणसाने माणसालाही पाजू नये? विद्यार्थ्यांपुढे हा नियम ठेवला, तर वर्गातील निम्मी मुले तो क्रूर आहे म्हणतील, आणि उरलेली निम्मी मनात तसेच म्हणतील. माझे मत मात्र असे आहे की, हा नियम क्रूर नाही. निर्जल प्रदेशात प्रवासाची आखणी कशी करावी, ह्याचे सारे शास्त्र त्याने एका वाक्यात सांगितले आहे. आणि हे शास्त्र न शिकता केलेली दया ही पुष्कळदा दया नसून केवळ घाई असते.

हे पटण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. ते आठवीच्या मुलालाही जमण्यासारखे आहे. कडक उन्हात चालणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. म्हणून शहाणे प्रवासी दुपारी सावलीत पडून राहतात आणि पहाटे, संध्याकाळी व चांदण्यात चालतात. अशी काळजी घेतली, तरी माणशी दिवसाला सहा लिटर पाणी तरी धरावे. समजा, वीस माणसांचा तांडा आहे आणि पुढची विहीर तीन दिवसांच्या वाटेवर आहे. २० × ६ × ३ म्हणजे ३६० लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. एका उंटावर दीडशे किलो लादले, तर तीन उंट पुरे झाले, असे उत्तर मूल चटकन देईल. हे गणित बरोबर आहे. पण ही आखणी चुकीची आहे.

कारण, विहीर कोरडी निघाली तर? मग मागे फिरावे लागेल, आणि परतण्यासाठी आणखी ३६० लिटर हवे. वादळाने वाट चुकली, कोणी आजारी पडले, एखादी पखाल फुटली तर? त्यासाठी तिसरा तितकाच साठा हवा. जाण्यासाठी एक हिस्सा, येण्यासाठी एक हिस्सा, आणि संकटासाठी एक हिस्सा. हे झाले १०८० लिटर, आणि त्यासाठी तीन नव्हे, आठ उंट लागतील. तीन उंट आणि आठ उंट ह्यांमध्ये जे अंतर आहे, त्याचेच नाव नियोजन. आणखी एक गोष्ट ह्या गणितातूनच निघते : पाण्याचा पहिला हिस्सा संपला आणि विहीर दिसली नाही, की मागे फिरले पाहिजे. हा निर्णय त्या क्षणी तहानेने व्याकूळ झालेल्या मनावर सोपवावयाचा नसतो; तो निघण्यापूर्वी सावलीत बसून घ्यावयाचा असतो.

आता छडीदाराच्या नियमाकडे पुन्हा पाहा. प्रत्येकाने आपली घागर आपण वाहावी आणि आपल्याच घागरीवर जगावे, असे ठरले की प्रत्येकाला आपल्या पाण्याचा हिशोब रोज स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. ‘शेजाऱ्याकडे असेल की!’ ह्या भरवशावर कोणी पहिल्याच दिवशी घागर रिकामी करीत नाही. उदार माणसाचे पाणी उधळ्याने प्यावे आणि शेवटी दोघांनीही प्राण सोडावे, असा प्रसंग येत नाही. मुख्य म्हणजे, ज्याची घागर लहान आहे, फुटकी आहे किंवा ज्याला ती उचलवत नाही, तो कराचीतच, पहिल्या पावलाआधीच उघडा पडतो. त्याला मदत करावयाची ती तेथेच करावी. चौथ्या दिवशी वाळूत नव्हे. मोठी घागर घेऊन द्या, तिच्यासाठी उंट करा, आणि तेही शक्य नसेल तर ‘बाबा, या खेपेला येऊ नकोस’ असे सांगा. साह्याची शपथ आणि पाणी न देण्याचा नियम ह्यांत म्हणून मला विरोध दिसत नाही. नियम पाळला गेला तरच शपथ पाळता येते.

ह्याच भूमीवर ही गोष्ट न कळल्यामुळे काय घडले, ते इतिहासात नमूद आहे. हिंगलाजच्या परिसरातून पश्चिमेकडे पसरलेल्या ह्या मकरानच्या ओसाड पट्ट्याला ग्रीक लोक गेड्रोशिया म्हणत. इ. स. पू. ३२५ मध्ये भारतातून परतताना सिकंदर आपल्या सैन्यासह ह्याच पट्ट्यातून गेला. त्याचा इतिहासकार आरियन सांगतो की, हा मार्ग निवडण्यात दोन हेतू होते : किनाऱ्याने येणाऱ्या आपल्या आरमाराला अन्नपाणी पुरवावे, हा एक, आणि सेमिरामिस राणी व सायरस बादशहा ज्या वाळवंटात हरले, तेथून आपण सुखरूप जाऊन दाखवावे, हा दुसरा. पहिला हेतू नियोजनाचा होता, दुसरा अहंकाराचा. आणि अहंकार जेव्हा वाट निवडतो, तेव्हा विहिरी कोठे आहेत हे विचारावयाचे राहून जाते.

आरमार वेळेवर आलेच नाही, कारण नैऋत्य मोसमी वारे वाहत होते आणि त्याचा नौकाधिपती निआर्कस बंदरातच अडकून पडला. आम्हा कोकणी माणसांच्या घरी नारळी पौर्णिमेपूर्वी समुद्रात होडी लोटावयाची नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असते. पण जगज्जेत्याच्या आखणीत किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारण्यास जागा नव्हती, असे दिसते. मिळालेले थोडे धान्य सिकंदराने आपली मोहोर लावून आरमारासाठी किनाऱ्याकडे धाडले. पण ज्या शिपायांनी ते राखावयाचे, त्यांनीच भुकेपोटी मोहोर फोडून ते खाल्ले. राजाने त्यांना क्षमा केली. क्षमा करणे भागच होते. उपाशी माणसाला धान्याच्या पहाऱ्यावर बसवणे ही चूक पहारेकऱ्याची नव्हे.

पुढचे वर्णन अधिक दारुण आहे. पाण्याच्या दोन जागांमधील अंतर जसे असेल तसे चालावे लागे, मग पाय चालोत वा न चालोत. पाणी दिसताच तहानलेली माणसे त्यात तोंड घालून बेतालपणे पीत आणि तेथेच मरत. म्हणून पुढे पुढे सिकंदर छावणी पाण्यापासून सुमारे चार किलोमीटर अलीकडेच ठेवू लागला. एके रात्री ओढ्याच्या पात्राजवळ तळ पडला असता दूरच्या डोंगरात पाऊस झाला, आणि अचानक आलेल्या लोंढ्यात सैन्याबरोबरच्या कित्येक बायका-मुले वाहून गेली. वाळवंटातही बुडून मरण येते, ते असे! वाऱ्याने खुणा पुसल्यामुळे वाटाडेही वाट विसरले. शेवटी समुद्राकडे वळून, किनाऱ्यावरील खडे उकरून गोडे पाणी मिळवीत ते सैन्य कसेबसे बाहेर पडले. साठ दिवस लागले. सैन्याची आणि बरोबरच्या लोकांची झालेली हानी सिकंदराच्या कोणत्याही लढाईपेक्षा मोठी असल्याचे मानले जाते.

ह्याच प्रवासातील एक प्रसंग शाळेच्या पुस्तकांतून मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. शिपायांनी कोठूनसे थोडे पाणी मिळवून शिरस्त्राणातून राजापुढे आणले. राजाने आभार मानले आणि सर्वांदेखत ते वाळूत ओतून टाकले. सर्वांना मिळत नाही, ते मला एकट्याला नको! त्या एका कृतीने साऱ्या सैन्याची तहान भागल्यासारखे झाले, असे इतिहासकार लिहितो. प्रसंग थोर आहे, ह्यात शंका नाही. तथापि, माझ्या विद्यार्थ्यांना मी एक प्रश्न विचारीत असतो : ज्या राजाला घोटभर पाणी ओतून सैन्याचे मन राखावे लागले, त्याने निघण्यापूर्वी पखाली मोजल्या असत्या तर? सोसण्याची वेळ आल्यावर दाखवलेले धैर्य आपण पाहतो आणि त्याचे पोवाडे गातो. ती वेळ आपल्या सोबत्यांवर येऊच नये म्हणून आधी घेतलेली काळजी कोणाला दिसत नाही. तिचा पोवाडा होत नाही. पण मोठेपण दोहोंमध्ये तोलावयाचे झाले, तर मी दुसऱ्या पारड्याकडे झुकेन.

धैर्याला मी कमी लेखतो असे मात्र कोणी समजू नये. ह्युएन् त्संग ह्या चिनी यात्रेकरूचे नाव आपल्याला ठाऊक आहे. आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरील बदामीच्या चालुक्य पुलकेशीचे आणि त्याच्या प्रजेचे वर्णन त्याने सातव्या शतकात लिहून ठेवले. तोच ह्युएन् त्संग इ. स. ६२९ च्या सुमारास चीनमधून निघाला, तेव्हा त्याला एका भयाण वाळवंटातून एकट्याने जावे लागले. वाटाड्या अर्ध्यावरून परतला होता. पाणी पिताना पखाल हातातून निसटली आणि सारे पाणी वाळूत गेले. तो काही अंतर मागे फिरला. पण पश्चिमेला पोहोचल्यावाचून पूर्वेला पाऊल टाकणार नाही, ही आपली प्रतिज्ञा आठवून पुन्हा पुढे वळला. चार रात्री आणि पाच दिवस पाण्याचा थेंब नाही! अखेर त्याचा घोडा आपण होऊन एका दिशेला वळला, आणि तेथे हिरवळ व पाण्याचे तळे निघाले.

ही कथा आपण दैवी चमत्कार म्हणून ऐकतो. पण तो घोडा कोणता होता? वाळवंटात शिरण्यापूर्वी एका वृद्धाने ह्युएन् त्संगचा तरुण घोडा घेऊन आपला म्हातारा, रोडका घोडा त्याला दिला होता; तो घोडा ह्या वाटेने पंधरा वेळा जाऊन आलेला होता. ह्युएन् त्संगने दिसण्यापेक्षा अनुभवाला किंमत दिली, आणि अखेर त्याच निवडीने त्याचे प्राण वाचवले. धैर्य त्याच्यापाशी होतेच. पण वाट धैर्याला माहीत नव्हती, घोड्याला माहीत होती.

कोणी म्हणेल, ‘गुरुजी, हे सारे उंटांच्या काळचे झाले. आता सडका आहेत, मोटारी आहेत, खिशातल्या यंत्रात नकाशा आहे. आणि हिंगलाजला आता जातो कोण?’ खरे आहे; देशाची फाळणी झाल्यापासून भारतातून तेथे जाणे दुर्मिळ झाले. २००६ साली माजी परराष्ट्रमंत्री जसवंतसिंह राजस्थानातून मुनाबाव-खोखरापारच्या वाटेने यात्रेकरूंचा जथा घेऊन तेथे गेले, ही अपवादाची गोष्ट. त्याच वर्षी त्या सीमेवरून पुन्हा सुरू झालेली थर एक्सप्रेस २०१९ साली बंद पडली. परंतु वाळवंट एकट्या हिंगलाजच्या वाटेवर नाही. आपल्या हुबळीहून थेट जोधपूरकडे जाणारी गाडी आहे. तेथून जैसलमेर आणि थरची वाळू काही तासांवर येते. कच्छचे रण आहे, लडाखचे थंड वाळवंट आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले तरुण मोटारसायकलींवरून तेथे जातात, आणि जावेतच. मात्र यंत्राने वाळवंट संपले, हा समज घातक आहे. जेथे मनोरा नाही तेथे दूरध्वनी मुका होतो. नकाशावरची रेघ सडक असेलच असे नाही. आणि वाळूत रुतलेल्या मोटारीजवळ पाणी नसेल, तर सिकंदराची आणि आपली तहान एकच.

जुने नियम म्हणून आजही जसेच्या तसे लागू पडतात. पाणी एकाच मोठ्या भांड्यात ठेवू नये. एक फुटले तर दुसरे उरावे. निर्जन वाटेवर एका वाहनाने जाऊ नये, दोन असावीत. सीमेलगतच्या भागात परवाना लागतो. तो आधी काढावा. कोठून जाणार आणि कोणत्या दिवशी कोठे पोहोचणार, हे घरी लिहून ठेवावे, म्हणजे न पोहोचल्यास शोध कोठे घ्यावा हे कळते. गाडी बिघडली तर तिला सोडून पाण्याच्या शोधात भटकू नये. तिची सावली सोडू नये, कारण शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तळ देऊ नये. आणि गावातल्या मेंढपाळाने ‘आज जाऊ नका’ म्हटले, तर त्या दिवशी जाऊ नये. तो त्या वाटेने पंधरा वेळा गेलेला असतो.

आता मुख्य सांगणे. हे नियम मुलांना पाठ करून येणार नाहीत. आपण आपल्या मुलांना सहलीला नेतो, म्हणजे काय करतो? वर्गणी घेतो, बसमध्ये बसवतो, डबा हातात देतो, आणि गाव आले की उतरवतो. किती पाणी घ्यावे, किती वाजता परत फिरावे, मागे राहिलेल्याची चौकशी कोणी करावी, ह्यांतील एकही प्रश्न मुलाच्या वाट्याला येत नाही. जे मूल घरीही भरलेल्या टाकीवर आणि तयार डब्यावर वाढते, त्याला विहीर कोरडी असू शकते ही कल्पनाच शिवत नाही. वास्तविक आपल्या जुळ्या शहरांतील कित्येक घरांनी नळाला सहा-सात दिवसांनी पाणी येण्याचे दिवस पाहिले आहेत. त्या घरांतील आयांनी घागरी, पिंपे आणि दिवस ह्यांचा जो मेळ घातला, तो कोणत्याही छडीदाराच्या तोडीचा होता. पण ते शहाणपण स्वयंपाकघरातून वर्गात आले नाही.

म्हणून माझी पालकांना आणि सहशिक्षकांना विनंती अशी की, पुढील सहलीची आखणी नववीच्या मुलामुलींच्याच हाती द्यावी. ती दांडेलीची असो वा बदामीची, अंतर लहान असले तरी चालेल. पाण्याचा, वेळेचा आणि परतीचा हिशोब त्यांनी मांडावा. शिक्षकांनी तो तपासावा, पण खोडून आपला लिहू नये. प्रत्येक वर्गाने आपला एक छडीदार निवडावा, आणि मागे फिरण्याची वेळ त्याने आधी जाहीर करावी. ठरल्या वेळी, शिखर दहा मिनिटांवर असतानाही, तो ‘चला, मागे फिरा’ म्हणू शकला, आणि बाकीच्यांनी कुरकुर न करता ते ऐकले, तर त्या सहलीत मुले जे शिकतील, ते पुस्तकातील दहा धडे शिकवू शकणार नाहीत.

आणि नाथांची कथा? ती मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगण्याचे सोडणार नाही. मात्र तीत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नाथांनी गाढवाला दिले ते देवाच्या अभिषेकाचे पाणी होते. कोणा सोबत्याच्या जगण्याचे नव्हे. त्यांच्या कावडीत स्वतःच्या तहानेपलीकडचे पाणी होते, म्हणून ते देता आले. आपणही प्रवासाला निघताना प्रत्येकाची घागर भरावी, परतीची भरावी, संकटाची भरावी, आणि त्यानंतर आणखी एक घागर भरावी. ती कोणाच्याच नावाची नसावी. वाटेत कोण तहानलेला भेटेल, हे आपणास ठाऊक नसते. तो भेटल्यावर हळहळत पुढे जावे लागू नये, एवढी सोय मात्र घरून निघतानाच करता येते. ती घागर ज्या तांड्यात असते, त्याला छडीदाराचा नियमही मोडावा लागत नाही आणि नाथांची दयाही सोडावी लागत नाही.